सूर्योदयानंतरचा चोर

सन २०१८ चा पावसाळा बीड जिल्ह्याला जवळजवळ कोरडाच गेला. सिंदफणेचे पात्र लवकरच उघडे पडले. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या नेहमीप्रमाणे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघून गेल्या आणि गावात म्हातारी माणसे, शाळकरी मुले व आमच्यासारखे निवृत्त शिक्षक तेवढे उरले. आमच्या वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन विकत घेतलेली दोन एकर जमीन व एक विहीर आमच्या वाट्याला आली आहे. त्या वर्षी विहिरीत दिवसाकाठी तासभर मोटार चालेल एवढेच पाणी साठत असे. त्या तासाभराच्या पाण्यावर आमची मोसंबीची साठ झाडे आणि दोन म्हशी कशाबशा तग धरून होत्या.

अशा दिवसांत विहिरीवरील मोटारीची केबल चोरीला जाणे म्हणजे काय, हे शहरातील वाचकांना सांगावे लागेल. चोर रात्री येतो, केबल कापतो, एखाद्या ओढ्यात नेऊन तिचे आवरण जाळतो आणि आतील तांबे भंगारवाल्याला किलोच्या भावाने विकतो. त्याच्या हाती पडतात चार-सहाशे रुपये. शेतकऱ्याला मात्र नव्या केबलसाठी हजारो रुपये मोजावे लागतात, आणि पैसे जमेपर्यंत झाडे डोळ्यांदेखत वाळत राहतात. त्या हिवाळ्यात आमची केबल दोनदा गेली. दोन्ही वेळा आम्ही पोलीस ठाण्याची पायरी चढलो. खरेदीची पावती मागण्यात आली, साध्या कागदावर अर्ज लिहून घेण्यात आला, आणि पुढे काहीही झाले नाही. आमच्या मनात त्या वेळी किती कडवटपणा साठला होता, हे आज आठवले तरी लाज वाटते. परंतु तो कडवटपणा खोटा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. ज्याची चोरी झाली आहे त्याचे दुःख हलके लेखून दयेच्या गोष्टी सांगणे सोपे असते.

मार्च महिन्यात, प्रायश्चित्तकाळातील एका शुक्रवारी पहाटे, गावातील मुलांनी एका चोराला पकडले. आमच्याच विहिरीवर, आमचीच केबल कापताना. आम्ही पोहोचलो तेव्हा चांगले उजाडले होते. जुन्या चावडीसमोरच्या लिंबाच्या झाडाला त्याला दोराने बांधले होते. वय असेल एकोणीस-वीस. केबलचे वेटोळे त्याच्या पायाशी पुरावा म्हणून टाकलेले होते. तो निरपराध होता, लोकांचा गैरसमज झाला होता, असे काही आम्हांला सांगायचे नाही. तो चोरच होता. गावाच्या गायरानात पंधरा दिवसांपूर्वी उतरलेल्या पालांपैकी एका पालातील तो मुलगा. त्याची जमात आम्ही येथे मुद्दाम लिहीत नाही. त्या सकाळी मात्र नावाच्याही आधी त्याला तीच विचारण्यात आली होती.

चाळीस-पन्नास माणसे जमली होती. काठ्या होत्या, पाइपाचे तुकडे होते, कोणाच्या हाती बैलाचा कासरा होता. ज्यांचे काही गेले नव्हते तेही मारत होते. आमचा एक जुना विद्यार्थी पुढे आला आणि आपल्या हातातील काठी आमच्यापुढे धरून म्हणाला, "सर, केबल तुमची हाय. पयला मान तुमचा."

वाचकहो, आम्ही ती काठी घेतली. छत्तीस वर्षे ज्या हाताने मुलांना अक्षरे गिरवायला शिकवली त्याच हाताने आम्ही त्या बांधलेल्या मुलाला दोन काठ्या मारल्या. पहिली त्याच्या खांद्यावर बसली. दुसरी त्याने आडव्या घातलेल्या डाव्या मनगटावर बसली, आणि आत काहीतरी मोडल्याचा आवाज आला. गर्दीने "असंच पाहिजे" म्हटले. आमच्या अंगात त्या क्षणी जी ऊब आली तिचे नाव समाधान असे होते. ते लपवून हा लेख लिहिणे आम्हांला शक्य नाही.

तिसरी काठी उचलली गेली नाही ती आमच्या थोरल्या आत्यामुळे. वय ऐंशीच्या पुढे, कमरेत वाकलेली, दिवसभर हाती जपमाळ. कोणीतरी घरी जाऊन सांगितले असावे. ती गर्दीतून वाट काढीत आली, काही न बोलता त्या मुलाजवळ जमिनीवर बसली आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, "माझ्या बापाला, तुझ्या आज्याला, ह्याच लिंबाला बांधलं व्हतं. ठावं हाय का तुला?"

आम्हांला ठाऊक नव्हते. गावातही कोणाला ठाऊक नसावे. हकिकत निजामाच्या राजवटीतील. खळ्यावरून जोंधळ्याची कणसे नाहीशी झाली आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे पहिली काठी आमच्या वाड्यावर पडली. गावकुसाबाहेरच्या माणसाला चोर ठरवण्यासाठी पुरावा लागत नसे. "पर त्यानं घेतली व्हती कणसं," आत्या म्हणाली. "खोटं कशाला बोलू? आम्ही चार लेकरं दोन दिस उपाशी व्हतो. पाटलाच्या आईनं सोडवलं त्याला. म्हणली, कणसापायी मानूस मारता व्हय रं? ती बाई आडवी आली नसती, तर तुझा बाप जलमला नसता. मग तू कुठला अन् तुझी केबल कुठली?"

त्यानंतर कोणी मारले नाही. काही माणसे कुरकुरत पांगली. दहाच्या सुमारास पोलिसांची गाडी आली व मुलाला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी गायरानातील पाले उठलेली होती. चुलींची राख तेवढी मागे राहिली होती.

*

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही तालुक्याच्या गावी आमच्या मिशन केंद्रात क्रूसाच्या वाटेच्या भक्तीसाठी गेलो. वर्षानुवर्षे प्रार्थनेचा काही भाग वाचण्याचे काम आमच्याकडे असते. अकरावे स्थान आले. प्रभू येशूचे हात लाकडाला खिळण्याचा प्रसंग. वाचायला उभे राहिलो आणि मनगटाचा तो आवाज पुन्हा ऐकू आला. पुस्तक शेजारच्या तरुणाच्या हाती देऊन आम्ही खाली बसलो. प्रकृती बरी नसावी, असे लोकांना वाटले.

क्रूसावरील प्रसंगाकडे आपण फार वेळा पाहतो, म्हणून तो आपल्याला नीट दिसत नाही. संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभूच्या दोन्ही बाजूंना दोन गुन्हेगार आहेत. त्यांपैकी एकजण आपल्या तोंडाने कबूल करतो की आम्हांला शिक्षा झाली ती आमच्या कृत्यांमुळेच. परंपरेने त्याला दिस्मस हे नाव दिले व संत म्हणून त्याचे स्मरण ठेवले. ख्रिस्ताने स्वतः ज्याला त्याच दिवशी सुखलोकाचे अभिवचन दिले तो असा एक गुन्हेगार होता, आणि तो निरपराधही नव्हता. निरपराध मनुष्याला जमावाने मारले की आपण हळहळतो. खऱ्या चोराला मारले तर हळहळण्याचे कारण काय, असा प्रश्न आपल्या मनात येतो. त्या प्रश्नाचे उत्तर गुलगुथ्याच्या टेकडीवर देऊन झालेले आहे.

पुढील रविवारी आम्ही पापनिवेदनाला गेलो. फादरांनी ऐकून घेतले, बराच वेळ ते गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले, "मनगटाच्या उपचाराचा खर्च कोणी केला?" आम्ही निरुत्तर झालो. हा प्रश्न आमच्या मनात आलाच नव्हता. केबल किती रुपयांची, हे मात्र आम्हांला पैशासकट तोंडपाठ होते.

*

त्यानंतर कित्येक महिने आम्ही लोकांची बोलणी लक्षपूर्वक ऐकू लागलो. बसस्थानकावर, लग्नाच्या पंगतीत, आठवडी बाजारात, आणि मिस्सा आटोपल्यानंतर आमच्याच केंद्राच्या आवारात. कोठे मोबाइल चोरणारा सापडला, कोठे शेळी नेणारा, कोठे मोटारसायकल ढकलत नेणारा. त्याला किती बदडला, ह्याचे वर्णन रंगून जाते. शेवटी कोणीतरी म्हणतो, "मेला असता तरी बरे झाले असते." कोणी चमकत नाही. असे बोलणारी माणसे क्रूर नसतात. शेजाऱ्याच्या मरणाला धावून जाणारी, उन्हात आलेल्या अनोळखी माणसाला पाणी देणारी, लेकरांना जपणारी माणसे असतात. म्हणूनच ह्या वाक्याचा विचार केला पाहिजे.

त्यांच्या म्हणण्यात तीन गोष्टी असतात. पहिली अशी की पोलीस काही करीत नाहीत. ही तक्रार सर्वस्वी खोटी नाही. आमचा स्वतःचा अनुभव वर दिलाच आहे. परंतु ज्या यंत्रणेने आमच्या अर्जाकडे पाहिले नाही तिच्यावरचा राग आम्ही काढला तो पालात राहणाऱ्या पोरावर. ठाण्यात जाऊन लेखी जाब विचारण्याचे धैर्य आमच्यात नव्हते, बांधलेल्या माणसाला मारण्याचे होते. दुसरी गोष्ट अशी की एकदा दहशत बसली म्हणजे चोऱ्या थांबतात. आमच्या गावात पुढल्याच महिन्यात दुसऱ्या एका शेतकऱ्याची केबल गेली. जोवर विकत घेणारा आहे आणि उपाशी किंवा व्यसनी पोरे आहेत तोवर काठीने चोरी थांबत नाही. इंग्लंडचा इतिहास ह्याला साक्षी आहे. तेथे अठराव्या शतकाच्या अखेरीस दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशीची शिक्षा होती. दुकानातून पाच शिलिंगांचा माल चोरणेही त्यांत मोडत असे. तरीही चोऱ्या थांबल्या नाहीत. उलट, क्षुल्लक चोरीसाठी मनुष्य फासावर जाऊ नये म्हणून ज्युरीतील सज्जन लोक चोरीच्या मालाची किंमत मुद्दाम कमी ठरवू लागले. कायदा इतका कठोर झाला की न्यायासाठी लोकांना खोटे बोलावे लागले.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. गरिबाची वस्तू म्हणजे त्याचे आयुष्यच असते, असे लोक म्हणतात. दुष्काळातील केबल ही नुसती वस्तू नसते, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे. तरीसुद्धा एक भेद राहतो. केबल पुन्हा घेता येते. त्या वर्षी आमची अकरा झाडे वाळली. त्यांच्या जागी आम्ही पुढे नवी लावली. मनुष्य पुन्हा लावता येत नाही.

*

आणि जमाव एकदा काठी उचलतो तेव्हा समोर चोरच असतो, असेही नाही. २०१८ च्या जून महिन्यात मराठवाड्यात व खानदेशात अफवांचे पीक आले होते. मुले पळवणाऱ्या टोळ्या आल्या आहेत, दरोडेखोर रात्री फिरत आहेत, असे संदेश मोबाइलवरून गावोगाव पसरत होते. वैजापूर तालुक्यातील चांदगाव येथे दरोडेखोर समजून झालेल्या मारहाणीत दोघांचा बळी गेला. त्यानंतर काही आठवड्यांतच, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले होते. तो रविवार होता, आठवडी बाजाराचा दिवस. मुले पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि पाचही जणांना ठार मारले. ही माणसे सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढ्याकडून पोट भरण्यासाठी फिरत आली होती. पुढे २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली. मारणारे सात जण होते, आणि पाहणारे शेकडो. पाहणाऱ्यांना कोणते न्यायालय काय सांगणार?

१६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक अशा तिघांना चोर समजून जमावाने मारले. तेथे पोलीस हजर होते. आमच्या वसई व पालघर भागातील वाचकांना त्या रात्रीची बातमी चांगलीच आठवत असेल. त्या वेळी आम्हांला एका गोष्टीचे फार वाईट वाटले. मेलेली माणसे कोणत्या धर्माची व मारणारी कोणत्या, हे ठरल्यावर लोक शोक करायचा की नाही ते ठरवत होते. राईनपाड्याच्या पाच जणांसाठी इतके अश्रू कोणी ढाळले नव्हते, कारण त्यांच्या पाठीशी कोणीच नव्हते.

भटक्या-विमुक्तांच्या वाट्याला संशय जन्मतःच येतो. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. ह्या कायद्याने मुलाच्या जन्माबरोबर त्याच्या कपाळी गुन्हेगार हा शिक्का बसू लागला. पुढे सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. अशा काही वसाहतींचा कारभार ख्रिस्ती मिशनरी संस्थांनीही पाहिला, हे आपण विसरू नये. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. कायद्याच्या पुस्तकातून तो गेला, परंतु गावाच्या मनातून गेला नाही. आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड ह्यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि शाळेच्या ग्रंथालयात आम्ही ते स्वतः मुलांच्या हाती दिले. तरीही त्या सकाळी आम्ही काठी घेतलीच. वाचन आणि वागणे ह्यांत केवढे अंतर असते!

१९९८ च्या जून महिन्यात बारामती येथे दरोड्याच्या संशयावरून पकडलेला पारधी तरुण पिन्या हरी काळे पोलीस कोठडीत मरण पावला. महाश्वेतादेवी व गणेश देवी ह्यांनी त्याच वर्षी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी जी चळवळ उभारली तिच्यामागे अशाच मृत्यूंचा आक्रोश होता. आमच्या बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातील मांगवडगाव येथे, मे २०२० मध्ये शेतजमिनीच्या वादातून एका पारधी कुटुंबातील तिघांची हत्या झाली. कारण कोणतेही असो, काही माणसांचा जीव आमच्याकडे स्वस्त समजला जातो.

*

ह्या बाबतीत आपली श्रद्धा काय सांगते? निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. त्याचा आशय असा: चोर रात्री घर फोडताना सापडला आणि मारला गेला तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाही, परंतु सूर्य उगवल्यावर त्याला मारले तर दोष आहे. हा नियम आम्ही पूर्वीही वाचला होता, पण त्याचा अर्थ त्या शुक्रवारनंतर उमगला. काळोखात घरात शिरलेला मनुष्य वस्तू न्यायला आला आहे की जीव घ्यायला, हे घरधन्याला कळत नाही. भीतीपोटी केलेला प्रहार समजण्यासारखा आहे. उजेड पडल्यावर त्याचे तोंड दिसते, हात दिसतात, तो बांधलेला आहे हे दिसते. मग भय संपते आणि उरतो तो केवळ सूड. त्याच अध्यायात चोरासाठी सांगितलेली शिक्षा म्हणजे भरपाई. चोरलेले जनावर जिवंत सापडले तर त्याने दुप्पट द्यावे. प्राणाच्या बदल्यात वस्तू, असा हिशेब तेथे नाही.

संत थॉमस अक्वायनास ह्यांनी हाच विचार पुढे नेला. स्वतःच्या बचावासाठी बळ वापरता येते, परंतु गरजेपुरतेच. गरजेपेक्षा अधिक बळ वापरले की बचावाचे रूपांतर पापात होते. सतराव्या शतकात काही नीतिशास्त्रज्ञांनी ह्या मर्यादा इतक्या सैल केल्या की एक सोन्याचे नाणे वाचवण्यासाठीही चोराला ठार मारता येते, असे मत मांडले गेले. फ्रान्समधील ब्लेझ पास्काल ह्यांनी अशा मतांवर कठोर टीका केली. शेवटी १६७९ साली पोप अकरावे इनोसंट ह्यांच्या काळात ख्रिस्तसभेने पासष्ट सैल मतांचा निषेध केला, आणि त्यांत हे सोन्याच्या नाण्याचे मतही होते. म्हणजे आमच्या चावडीसमोर जो प्रश्न उभा राहिला त्याचे उत्तर ख्रिस्तसभेने तीनशे चाळीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते. आम्हांला कोणी ते सांगितले नव्हते, आणि आम्हीही कोणाला विचारले नव्हते. पुढे पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९५ सालच्या जीवनविषयक विश्वपत्रात, आणि पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१८ साली देहान्त शिक्षेसंबंधीच्या धर्मशिकवणुकीत दुरुस्ती करून, हीच दिशा स्पष्ट केली. भयंकर गुन्हा केलेल्या माणसाचीही मानवी प्रतिष्ठा नष्ट होत नाही. मग केबल चोरणाऱ्याची कशी होईल?

योगायोग असा की आपल्या देशाचा कायदाही ह्याच सूर्याचा आधार घेतो. भारतीय दंडसंहितेत, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही, मालमत्तेच्या रक्षणासाठी प्राणघातक बळ वापरण्याचा अधिकार मोजक्या प्रसंगांपुरता आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, किंवा ज्या चोरीत मृत्यूची अथवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती वाटते अशी चोरी. साध्या चोरीत हा अधिकार नाही. शिवाय बचावाला आवश्यक तेवढेच बळ वापरावे, अशी मर्यादा सर्वत्र आहे. चोराला पकडण्याचा अधिकार नागरिकाला आहे, परंतु पकडल्यावर त्याला विनाविलंब, आणि आता नव्या तरतुदीनुसार सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. आणि नव्या संहितेने पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या पहिल्या चोरीसाठी, वस्तू किंवा तिचे मोल परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. झाडलोट करावी, झाडे लावावीत, एवढ्यावर भागणाऱ्या अपराधासाठी आमची गावे माणसे मारायला निघतात. जमावहत्यांच्या प्रकरणी १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. तो अधिकारी प्रत्येक चावडीसमोर उभा राहू शकणार नाही. तेथे आपणच असतो.

*

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख ह्यांचे अपहरण करून त्यांची अमानुष हत्या करण्यात आली. पवनचक्की कंपनीकडून खंडणी मागण्याच्या प्रकाराशी ही हत्या जोडलेली असल्याचे तपासात पुढे आले. २८ डिसेंबरला बीड शहरात हजारोंचा मोर्चा निघाला. आम्हीही त्यात चाललो. पुढे मार्चमध्ये त्या मारहाणीची छायाचित्रे बाहेर आली तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. आमच्या घरातही त्या रात्री कोणी जेवले नाही.

परंतु मोर्चात चालताना आमच्या मनात एक विचार येत राहिला. बांधलेल्या, एकट्या पडलेल्या माणसाला घेरून मारणे आणि ते मोबाइलमध्ये टिपून ठेवणे ही रीत त्या मारेकऱ्यांनी कोठून आणली? आकाशातून तर ती पडली नाही. किती गावांत, किती चौकांत, किती वर्षे आपण ती पाहत आलो, आणि "असंच पाहिजे" म्हणत आलो. चोराला मारताना जो हात तयार होतो तो पुढे चोरापाशीच थांबतो, असे कोठे लिहिलेले नाही. प्रथम तो चोरावर उठतो, मग प्रेमाच्या संशयावरून एखाद्या तरुणावर, मग जो आडवा येईल त्याच्यावर. संतोष देशमुखांना न्याय मिळाला पाहिजे, गुन्हेगारांना कायद्याने शिक्षा झाली पाहिजे, ह्याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. मात्र मोर्चातीलच काही तरुण "त्यांनाही भरचौकात ठेचा" असे ओरडत होते तेव्हा त्यांच्या आवाजात आम्हांला आमचाच जुना आवाज ऐकू आला.

आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांपुढे आम्ही काही मोठा कार्यक्रम ठेवू इच्छीत नाही. साध्या गोष्टी आहेत. चोर सापडला तर त्याला धरावे, पण मारू नये, आणि पहिला फोन ११२ ला करावा. जमाव जमला असेल तर घरातील वडीलधाऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, जाऊन मध्ये उभे राहावे. म्हाताऱ्या बाईवर हात उचलायला गाव अजून कचरते. मारहाणीची चित्रे मोबाइलवर आली तर ती पुढे पाठवू नयेत आणि मुलांसमोर पाहू नयेत. जेवताना कोणी "मेला असता तरी बरे" म्हणाले तर निदान आपल्या ताटावर तरी ते वाक्य चालू देऊ नये. आणि चोरीची तक्रार घेतली जात नसेल तर एकेकट्याने कुढत न बसता दहा शेतकऱ्यांनी मिळून लेखी पाठपुरावा करावा. हे काम काठी उचलण्यापेक्षा कंटाळवाणे आहे. न्यायाची बहुतेक कामे कंटाळवाणीच असतात.

फादरांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही त्या मुलाचा शोध घेतला. रुग्णालयात चौकशी केली. मनगटाला प्लास्टर घालून त्याला पुढे पाठवले होते, एवढेच कळले. ठाण्यात गेलो, जामीन होऊन तो गेला होता. त्यानंतर दोन वर्षे आसपासच्या आठवडी बाजारांत, जत्रांत, जेथे पाले उतरतात अशा गायरानांत आम्ही विचारपूस करीत फिरलो. काहींना आम्ही पोलिसांचे खबरे वाटलो, काहींना वेडे. एका म्हाताऱ्याने मात्र सारे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, सापडला तर काय देणार त्याला?" आम्ही म्हणालो, उपचाराचा खर्च. तो म्हणाला, "अन् हाताचं?"

आत्या २०२१ साली देवाघरी गेली. जाण्यापूर्वी काही दिवस तिने आम्हांला जवळ बोलावून विचारले होते, "घावला का रं तो?" नाही म्हटल्यावर तिने डोळे मिटून घेतले आणि जपमाळेचा पुढचा मणी ओढला.

उपचारासाठी बाजूला ठेवलेले पैसे अजून तसेच आहेत. चावडीसमोरचा लिंबही उभा आहे, आणि विहिरीकडे जाण्याची आमची वाट त्याच्याच खालून जाते. दर प्रायश्चित्तकाळात अकराव्या स्थानाचे वाचन आम्ही दुसऱ्या कोणाला तरी देतो. ते स्वतः वाचण्याचा दिवस परमेश्वर आम्हांला दाखवील, अशी आमची आशा आहे. आणि तो तरुण जेथे कोठे असेल तेथे त्याच्या डाव्या हाताला काम करण्याइतके बळ मिळाले असावे, अशी आमची रोजची प्रार्थना आहे.